खाटेच्या पायथ्याची फाईल

६ जानेवारी, सोमवार

औषध कंपनीवाले दरवर्षी ही जाडजूड डायरी देतात, आणि दरवर्षी माझी बायको राधा तिच्यात भिशीच्या बायकांचे फोन नंबर लिहिते. यंदा मी काढून घेतली. आज जे ऐकून आलो ते कुठेतरी ओतायला हवं. बायकोपाशी ओतलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या भोईवाड्याला कळतं.

परळला नवीन मोठं हॉस्पिटल झालंय. तिथल्या मेट्रनने आम्हा सगळ्या ब्युरोवाल्यांना, म्हणजे पेशंटसाठी बाई पुरवणाऱ्यांना, बोलावलं होतं. कडक बाई. म्हणाली, यापुढे वॉर्डात जी मावशी येईल ती लेखी परीक्षा पास झालेली असेल. एक मार्चला परीक्षा. उत्तरं मराठीत लिहिली तर चालतील, पण शब्द इंग्रजीतले वाचता आले पाहिजेत. आणि पहिल्या पाच जणींना हॉस्पिटल स्वतःच्या नोकरीत कायम घेणार. वयाची अट अठ्ठेचाळीस.

माझ्या ब्युरोकडे बेचाळीस मावश्या आहेत. आजाऱ्याचं अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, बेडपॅन देणं ही कामं करणाऱ्या. मी स्वतः स्ट्रेचर ढकलत या धंद्यात आलो, त्यामुळे कोण किती पाण्यात आहे ते मला बाईच्या चपलेच्या आवाजावरून कळतं. त्या बेचाळिसांत दुर्गा एकच. तेवीस वर्षं झाली. तिच्या पेशंटच्या पाठीला कधी जखम झालेली नाही. एप्रिलमध्ये तिला अठ्ठेचाळीस पूर्ण होतात. म्हणजे ही परीक्षा हुकली की दुसरी नाही. मग हातपाय चालतील तोवर बारा तासांची ड्युटी, ना रजा ना काही.

परत आल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ, मी सातवी. तीपण पडत-झडत."

"मी नववी नापास," मी म्हटलं. "चालतंय की."

ती हसली नाही. "नाव घाला माझं," म्हणाली.

९ जानेवारी, गुरुवार

शिकवायला माणूस मिळाला. सरोजिनीबाई. दादरला हिंदू कॉलनीत राहतात, वय एकाहत्तर. एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये चौतीस वर्षं होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या बहिणीला आमचीच बाई दिली होती, ती ओळख.

मी विचारलं, "बाई, दीड महिन्यात इंग्रजी होईल?"

"इंग्रजी नाही होणार. शब्द फोडायला शिकवीन. मोठे शब्द नुसते दिसायला मोठे असतात. आत तीन-चार तुकडे, आणि तेच तेच तुकडे फिरून फिरून."

मग चष्मा पुसत म्हणाल्या, "मी चौतीस वर्षांत फायली पाहिल्या, पेशंट एकही पाहिला नाही. तुमच्या बायकांनी पेशंट पाहिले, फाईल नाही. आमची गाठ पडायला हवी होती कधीतरी."

फी विचारली तर म्हणाल्या, साडेनऊला चहा हवा आणि पावणेदहानंतर आलेली बाई बाहेर बसेल.

१३ जानेवारी, सोमवार

पहिला वर्ग. माझ्या ऑफिसच्या मागच्या खोलीत, जिथे नवीन बायकांना शिकवायला एक लोखंडी खाट ठेवलीय. अकरा जणी आल्या. रात्रपाळी करून सरळ इथे, त्यामुळे निम्म्या जांभया देत होत्या. मी दाराशी स्टुलावर बसलो, हातात बिलबुक, म्हणजे कामात आहे असं वाटावं.

बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. हायपर आणि हायपो. हे दोन्ही मी तीस वर्षं ऐकतोय. सिस्टर कुठल्या सुरात बोलते त्यावरून मी ओळखायचो काय वर गेलं आणि काय खाली आलं. लिहिलेले पाहिले तर जुळे भाऊ! मी बिलबुकात डोकं घातलं.

बाई म्हणाल्या, "उपरि म्हणजे काय?"

दुर्गा म्हणाली, "वर."

"आणि उप? उपाध्यक्ष, उपसरपंच?"

"खालचा. अध्यक्षाच्या खालचा."

"झालं. हायपर म्हणजे आपलं उपरि, हायपो म्हणजे आपलं उप. फार फार जुनं नातं आहे. वाटा फुटल्या, एक भाऊ तिकडे गेला, एक इकडे राहिला."

माझ्या अंगावर खरंच काटा आला. तीस वर्षं ज्यांना साहेबलोकांचे शब्द समजून अदबीने बाजूला सरत होतो, ते आपल्याच भावकीतले निघाले. पुढे बाईंनी डिस् घेतला. डिस् म्हणजे आपला दुस् किंवा दुर्. दुर्जन, दुष्काळ, म्हणजे वाईट, कठीण. लघवीला त्रास तो डिस्युरिया. आणि अन् म्हणजे नाही. अनोळखी, अनावश्यक. लघवीच नाही, तर ॲन्युरिया.

प्रिती आमच्यात सगळ्यात लहान, बारावी पास, तोंडाने फटाकडी. ती म्हणाली, "म्हणजे दुर्गामावशी पण वाईट?"

बाई म्हणाल्या, "दुर्गा म्हणजे जिच्यापर्यंत पोचणं कठीण."

"ते बरोबर आहे," प्रिती म्हणाली. "फोन उचलतच नाही."

२१ जानेवारी, मंगळवार

आज व्याकरण. मला वाटलं आता झोपणार सगळ्या. बाईंनी प्रितीला खाटेवर झोपवलं आणि म्हणाल्या, "बेडवर पडलंय ते नाऊन. नाम. उशी नाऊन, बेडपॅन नाऊन, प्रितीही नाऊन. आता दुर्गाबाई, तुम्ही काय काय करता?"

"उठवते. पुसते. कूस बदलते. भरवते."

"ही सगळी व्हर्ब. क्रियापदं. आणि नातेवाईक येऊन काय म्हणतात? डर्टी. लेट. स्लो. ते ॲडजेक्टिव्ह."

दुर्गा पदर तोंडाला लावून हसली. "बाई, म्हणजे पेशंट नाऊन, नातेवाईक ॲडजेक्टिव्ह, आणि व्हर्ब काय ती आम्हीच."

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. शिकवणारी अशी आणि शिकणारी अशी. मध्ये बसलेल्याचं फुकटात भागतं. घरी येऊन राधाला म्हटलं, तू नाऊन की व्हर्ब? ती म्हणाली, "तुमका खूळ लागला काय?"

२८ जानेवारी, मंगळवार

जे लिहायला नको ते लिहितो.

दुर्गा पहिल्या पाचांत येणार. गेल्या आठवड्यापासून मला ते दिसतंय. बाई शब्द टाकतात आणि ती फणस सोलावा तसा गर वेगळा करते. मला आनंद व्हायला हवा, होतोही. पण ती गेली तर माझ्याकडे उरतं कोण? मोठ्या घरांतून फोन येतो तो "दुर्गाबाई आहेत का" म्हणूनच. मला मनापासून वाटतं की ती पास व्हावी. आणि तितक्याच मनापासून वाटतं की सहावी यावी.

आज तिला शीवला नवीन ड्युटी दिली. चिंतामणी म्हणून एक गृहस्थ, बँकेतून रिटायर, उजवी बाजू गेलेली, स्वभाव तिखट. महिन्यात तीन बायका पळवून लावल्यात त्यांनी. जाग्रण होणार, दमणार, अभ्यासाला वेळ उरणार नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. तिला म्हटलं, "तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही." हे खरं होतं, म्हणून बोलताना जीभ अडखळली नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

शीवला फोन केला, म्हातारबुवा काय म्हणतात बघावं. स्वतःच फोनवर आले. "गुणाजी, ही बाई कुठे लपवून ठेवली होतीस? औषधाच्या डब्या वाचते माझ्या! परवा अँटी वाचलं आणि मला विचारते, काका, हे कोणाच्या विरुद्ध? मी आता तिला रोज दहा शब्द देतो. चुकली की ओरडतो."

"ती काय म्हणते?"

"ती म्हणते, ओरडा, पण आधी गोळी घ्या. घेतो बापडा."

मी तिला दमवायला पाठवलं, आणि ती तिथे शिकवणी लावून बसली. फोन ठेवल्यावर बराच वेळ मला स्वतःचंच हसू येत होतं. थोडी लाजही वाटली, पण हसू जास्त.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज सराव परीक्षा, आणि घोळ.

बाईंनी खऱ्या केसपेपरसारखा कागद छापून आणला होता. वर पेशंटचं नाव, खाली रकाने: वेळ, पोटात काय गेलं, बाहेर काय आलं, शेरा. शब्दांचे अर्थ तोंडी घेतले, त्यात दुर्गा एकदाही चुकली नाही. मग कागद वाटले. बाईंनी पेशंटची माहिती वाचून दाखवली आणि सांगितलं, आता भरा.

अर्ध्या तासाने गोळा केले. प्रितीचा भरलेला, आणखी दोघींचे अर्धे. बाकी आठ कोरे. दुर्गाने तर दिलाही नाही. दोन्ही हातांनी सरळ केला आणि खाटेच्या पायथ्याला जी क्लिप आहे तिच्यात अडकवून निघून गेली.

मी बाईंना म्हटलं, "इंग्रजीची धास्ती. कागद बघितला की हातपाय गळतात. आमच्या बायका अशाच." बाई क्लिपमधल्या त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिल्या.

मला वाईट वाटलं. आणि आत कुठेतरी, चला, सहावी येईल, असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटतं, त्याला बाईंच्या व्याकरणात काय म्हणतात कोण जाणे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वर्ग नव्हता, तरी बाई आल्या. चहा घेतला. म्हणाल्या, "गुणाजीराव, तुमच्याकडे नवीन बाई आली की पहिल्या दिवशी तुम्ही तिला काय सांगता?"

हे तर माझं पाठ. चोवीस वर्षं एकच भाषण करतोय, आणि अभिमानाने करतोय. सुरू झालो. "बाई गं, पेशंट आपला, फाईल सिस्टरची. खाटेच्या पायथ्याला फाईल असते, तिला हात लावायचा नाही. पडली तर उचलून तशीच अडकवायची. त्यात वाचायचं नाही. आणि लिहायचं तर अजिबात नाही, एक टिंबसुद्धा..."

तिथे मला क्लिपमधला तो कोरा कागद आठवला.

बाईंनी कप बशीत ठेवला. "पुढे?"

पुढे काही नव्हतं. सुरुवातीच्या काळात एका मावशीने चांगुलपणाने चार्टवर ताप लिहिला होता. सिस्टरला मेमो मिळाला आणि आमच्या ब्युरोला दरवाजा. तेव्हापासून हे भाषण. दुर्गा ते ऐकणाऱ्या पहिल्या बायकांपैकी. तेवीस वर्षं तिने ते पाळलं, आणि काल माझ्याच खोलीत, माझ्याच खाटेपाशी पाळलं. मी मात्र धास्तीबिस्ती म्हणून मोकळा झालो. एवढे तिखट कान माझे. सगळ्यांचं ऐकतात, माझंच तेवढं ऐकायचं राहिलं होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळ्यांसमोर सांगितलं. म्हटलं, ते भाषण मी परत घेतो. फाईलला हात लावा, वाचा, लिहा. चूक माझी.

दुर्गा म्हणाली, "भाऊ, तुम्ही परत घेतलंत. पण हाताला कोण सांगणार?" आणि कागद पुढे ठेवला तर पेन धरलेली तिची बोटं रकान्याच्या वर थांबली. मी म्हटलं, लिही. थांबलीच. मी जरा मोठ्याने म्हटलं, लिही गो! तरी थांबलीच.

बाई म्हणाल्या, "गुणाजीराव, हुकूम देऊन लागलेली सवय हुकूम देऊन सुटेल का? असं करा, खाटेवर झोपा."

"कोण, मी?"

"चपला काढून. आणि बोलायचं नाही. तुम्हाला बोलता येत नाही असं समजा."

झोपलो. पंख्याला जळमटं आहेत हे आज कळलं. अकरा जणी भोवती. बाई दुर्गाला म्हणाल्या, "सिस्टर नाही. डॉक्टर उद्या येणार. याला बोलता येत नाही. तुमची ड्युटी संपली. पुढची बाई नवीन आहे. तिला कसं कळणार?"

नेहमी ती तोंडी चार्ज देते. पेशंटच्या पायथ्याशी उभं राहून पुढच्या बाईला सगळं घडाघडा सांगते. तशी सुरू झाली. बाईंनी तोंडावर बोट ठेवलं. "ती बाई अजून आलेली नाही. बस अडकलीय. तुम्हाला निघायचंय."

मला दुर्गाचा श्वास ऐकू येत होता. मग पेनाचं टोक कागदावर टेकल्याचा आवाज आला. मी डोळे मिटून घेतले.

तिने काय लिहिलं ते प्रितीने नंतर वाचून दाखवलं. नऊ चाळीस, चहा दोन कप. शेरा: पेशंट घाबरला आहे, पाय गार. पाय गार होते माझे. तिने कधी हात लावून बघितला ते मला कळलंसुद्धा नाही.

कागद इथे डायरीत चिकटवणार होतो. ती म्हणाली, "नाही भाऊ, फाईल पेशंटला देत नाहीत." बाईंना दिला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रोज कोणीतरी खाटेवर, रोज कोणीतरी लिहितंय. पहिले दोन दिवस पेन्सिल, आता पेन. आठच्या आठ जणी लिहायला लागल्या. आज बाईंनी मला फळ्यावर हायपो लिहायला बोलावलं. मी म्हटलं, हाताला तेल लागलंय. बाई म्हणाल्या, पुसा. लिहिला. एक अक्षर राहिलं होतं, ते दुर्गाने उठून घातलं आणि जागेवर जाऊन बसली.

१ मार्च, शनिवार

परीक्षा झाली. बाहेर आल्यावर प्रिती बडबडत होती. पहिल्या पानावर वीस शब्द, त्यातला ऑलिग्युरिया बाईंनी शिकवलेलाच नाही, हा अन्याय आहे वगैरे. दुसऱ्या पानावर एक भरलेला चार्ट, फक्त बेरीज मागितलेली.

दुर्गाला विचारलं, तो शब्द?

"आधी सोडला. मग चार्ट बघितला. एकोणीसशे मिली आत गेलेलं, एकशेऐंशी बाहेर. युरिया तर माहीत होता. म्हटलं, अगदीच नाही असं नाही, थोडी होतेय. मागे जाऊन लिहिलं, लघवी कमी."

"आणि बेरीज?"

"ती केली. खाली अजून एक ओळ लिहिली. चुकलं असेल तर चुकलं."

कोणती ओळ ते सांगितलं नाही. शीवला जायची घाई होती.

७ मार्च, शुक्रवार

निकाल. प्रिती दुसरी. दुर्गाचं नाव यादीतच नाही. त्याऐवजी चिठ्ठी, मेट्रनला भेटावे. मी बरोबर गेलो. सांगायला हरकत नाही, या खेपेला सहावी यावी असं कुठेच वाटत नव्हतं. जिना चढताना मोजत होतो, पाचवी, पाचवी, पाचवी.

मला बाहेर बाकावर बसवलं. मध्ये लाकडी पार्टिशन. एवढं माझ्या कानांना पुष्कळ.

मेट्रन म्हणाली, "पाचव्या जागेइतके मार्क तुझे आहेत. अजून एकीचे तेवढेच. तिचं वय तीस. म्हणून बोलावलं. हे चार्टच्या खाली काय लिहिलंयस?"

"सिस्टरला लगेच सांगा. थांबू नका."

"प्रश्नात हे विचारलं होतं?"

"नाही मॅडम."

"मग?"

"एवढं आत गेलं आणि बाहेर एवढंसंच. अख्ख्या दिवसात कोणी बघितलं नाही त्याच्याकडे."

"कोणाकडे?"

"पेशंटकडे."

"अगं, हा प्रश्नपत्रिकेतला पेशंट. असा कोणी नाहीच."

वाद घालायची दुर्गाला सवय नाही. तरी म्हणाली, "असेल मॅडम. पण कागद माझ्या हातात होता ना."

खुर्ची करकरली. पेनाचं टोपण निघाल्याचा टक् असा आवाज आला, आणि मग निब कागदावरून चालली. लांबलचक सही होती.

"सोमवारपासून येशील?"

"येईन. पण त्याआधी शीवच्या काकांचा चार्ज द्यायचाय. नवीन बाई आली की तिला दोन दिवस बरोबर ठेवीन, मग सोडीन. ते ओरडतात, तिला सवय व्हायला हवी."

"नवीन बाई कोण?"

"आमचे भाऊ देतील," दुर्गा म्हणाली. "बाहेर बसलेत. ऐकतच असतील."